परीक्षा मुलींची घेता, कॉलेजांची कोण घेणार?

बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीत शंभर प्रश्न असतात आणि ते सोडवायला नव्वद मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी वीस. तेवढ्यासाठी मुलगी दोन वर्षं लातुरात नाहीतर नांदेडात कॉट बेसिसवर राहिलेली असते. मेसचं खाऊन पोट बिघडवून घेतलेलं असतं. बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. परीक्षा झाली की पर्सेंटाइल, मग कागदपत्रांची पडताळणी, मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या. अख्खा पावसाळा ती आणि तिचं घर मोबाइलकडे डोळे लावून बसतं.

एवढं कसून जिला पारखलं, तिला शेवटी ज्या कॉलेजच्या दारात नेऊन सोडलं ते कॉलेज कुणी पारखलं? माझा सगळा राग या एका प्रश्नापाशी आहे. सरकारने चाळणी लावली आहे ती मुलींना. कॉलेजांना आणि दवाखान्यांना कसलीच चाळणी नाही. जी आहे तिची भोकं एवढी मोठी आहेत की त्यांतून अख्खी इमारत पलीकडे जाते.

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. लोक इन्चार्ज सिस्टर म्हणतात. वॉर्डात पोस्टिंगला येणाऱ्या मुलींच्या कितीतरी बॅचेस माझ्या हाताखालून गेल्या, सरकारी स्कूलच्या आणि खासगी कॉलेजांच्याही. आता बारावीचा निकाल लागला की गल्लीतले, गावाकडचे आईबाप मुलीला घेऊन घरी येतात. त्यामुळे आत शिरायची धडपडही मला दिसते आणि आत गेल्यावर मुलीच्या हाती काय लागतं तेही मी पाहिलेलं आहे.

परीक्षाच नको, असं मी म्हणत नाही. संस्थाचालकाच्या केबिनमध्ये बंद पाकिटावर सीट मिळायची, ते दिवस पाहिलेला कुणीही तसं म्हणणार नाही. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे. खासगी विनाअनुदानित संस्थांचे प्रवेश आणि फी यांच्यावर अंकुश ठेवणारा कायदा २०१५चा आहे. कायदे कागदावर असतात, गरीब मुलीच्या कामी येते ती गुणवत्ता यादी. आधी नीटच्या गुणांवर प्रवेश होत, आता राज्याची स्वतंत्र सीईटी आहे. हेही बरंच झालं. डॉक्टर व्हायच्या परीक्षेत मागे पडलेल्यांमधून नर्स निवडायची, ही पद्धत नर्सिंगचा अपमान करणारी होती.

पण या यादीपर्यंत पोचायची वाट कुणासाठी बांधली आहे ते बघा. बारावीची मार्कशीट, डोमिसाइल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार, आणि प्रत्येक कागदावर नाव अक्षर न् अक्षर सारखं. ज्या घरात बापाचं नाव रेशन कार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं आहे, त्या घरातली मुलगी अभ्यास सोडून तहसीलच्या पायऱ्या झिजवते. उत्तरतालिकेत चूक दिसली आणि हरकत घ्यायची म्हटली तर एका प्रश्नाला हजार रुपये. शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईचा हा तीन-चार दिवसांचा रोज आहे. चूक परीक्षा घेणाऱ्यांची आणि ती दाखवून द्यायचे पैसे मुलीने भरायचे! हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरातल्या कुणी तीन दिवस उन्हात वाकून काम केलेलं नाही, एवढं नक्की.

मागच्या एका वर्षी किनवटकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलीला चांगले गुण होते. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात सहज बसली असती. ऑप्शन फॉर्मची प्रिंट पाहिली तर पहिल्या पाच पसंतींत एकही सरकारी कॉलेज नाही. मी बापाला विचारलं, हा क्रम कुणी दिला? तो म्हणाला, “त्या नेटवाल्या पोरानं भरलं सिस्टर. त्यो म्हणला, हे कालेज भारी हाय, माझ्या वळखीचं हाय.” ओळखीचं होतं यात शंका नाही. एका मुलीमागे त्याला कमिशन किती मिळत होतं, तेवढं त्याने बापाला सांगितलं नव्हतं. सीट लागते ती दिलेल्या क्रमाने. यादी कुलूपबंद झाली की रडून उपयोग नसतो. दोन वर्षांची मेहनत एका सेवा केंद्राच्या खुर्चीवर दहा मिनिटांत विकली गेली, आणि विकणाऱ्याला विचारणारं कुणी नाही. राज्य सरकार एवढी मोठी प्रवेशप्रक्रिया राबवतं, तर प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठ दिवस एक जाणती पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग शिकवणारी सिस्टर, बसवून मुलींचे फॉर्म भरून घेणं त्याला जड का जावं?

फी माफीचं तसंच. २०२४च्या जुलैत सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. या निर्णयाचं मी मनापासून स्वागत केलं, आजही करते. पण माफी कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहे. जिची सीट थोडक्यात हुकली आणि संस्थेच्या कोट्यातून घ्यावी लागली, तिला एक रुपयाही नाही. मग जिला कॅपमधून सीट मिळाली तिचं तरी भलं होतं का? मी ज्या मुलींना ओळखते त्यांच्याकडून खासगी कॉलेजांनी आधी पैसे भरून घेतले. सरकारकडून आले की परत देऊ, असं तोंडी सांगितलं. शिवाय युनिफॉर्म कॉलेजकडूनच, बस कॉलेजचीच, हॉस्टेल सक्तीचं, आणि ‘क्लिनिकल’च्या नावाखाली वेगळी रक्कम. मध्येच सोडायचं म्हटलं तर मूळ कागदपत्रं कपाटात अडकवलेली. मार्कशीट ओलीस ठेवणाऱ्या माणसाला शिक्षणसम्राट कसलं म्हणता? सावकार निदान व्याजाचा दर आधी सांगतो.

आता या कॉलेजांच्या आत या.

भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे की नर्सिंग कॉलेज काढायचं तर किमान शंभर खाटांचं स्वतःचं पालक रुग्णालय हवं. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. नियम उत्तम आहे. नर्सिंग हे पेशंटच्या अंगाला हात लावून शिकायचं काम आहे. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, बाळाला नाळेपासून वेगळं करणं, मरणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालणं, यातलं काहीही फळ्यावर शिकता येत नाही. आणि प्रत्यक्षात काय आहे? पाटी रुग्णालयाची, आत गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. तपासणीची तारीख आधी कळते. त्या दिवशी गावातली माणसं टेम्पोने आणून बेडवर झोपवायची, केस पेपर रातोरात लिहायचे, शिक्षक म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईची पदवी फाइलला लावायची आणि तिला एक दिवसाचे पैसे द्यायचे. हे मी हवेतलं सांगत नाही. केस पेपर लिहायला बसवलेल्या मुलींनी स्वतः मला सांगितलेलं आहे. काही ठिकाणी तर मुलीला यायचीही गरज नसते. “नॉन-अटेंडिंगला टाका, हजेरीचं आम्ही बघतो,” असा फोन एजंट उघडपणे करतात. असा एक फोन माझ्या घरी बसलेल्या बापाला माझ्यासमोर आला. हजेरी न लावता नर्स झालेली बाई उद्या कुणाच्या आईच्या सलाइनमध्ये पोटॅशियम ढकलणार आहे, हा विचार त्या एजंटच्या मनाला शिवत नाही, आणि तपासणीच्या कागदावर सही करणाऱ्याच्याही नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात हे प्रकरण इतकं सडलं की उच्च न्यायालयाला नर्सिंग कॉलेजांची चौकशी सीबीआयकडे द्यावी लागली. मे २०२४मध्ये त्याच चौकशीतल्या सीबीआयच्या अधिकाऱ्यांना, कॉलेजांना अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्यावरून, सीबीआयनेच अटक केली. तपासणारेच विकले गेले. आपल्याकडे असं काही नाही असं छातीवर हात ठेवून सांगायचं असेल, तर खासगी नर्सिंग कॉलेजांची एकाच दिवशी, न कळवता, राज्यभर तपासणी करून दाखवा.

अशा कॉलेजातून आलेली एक मुलगी माझ्या लक्षात राहिली. मेडिसिनचा बायकांचा वॉर्ड, सकाळची पाळी. तिसऱ्या वर्षाची मुलगी टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा, चार्ट भरून माझ्यासमोर उभी राहिली. बारा पेशंट, बाराही जणींचा श्वास मिनिटाला वीस, बाराही जणींचं बीपी १२०/८०. सात नंबरच्या बेडवर एक म्हातारी उठून बसलेली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, नाकपुड्या फुललेल्या, गळ्याच्या खालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता. मी मोजले तर मिनिटाला छत्तीस. मुलीला विचारलं, तू मोजलेस का? ती गप्प. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “मॅम, आमच्या कॉलेजला पेशंटच नाहीत. चार्ट कसा भरायचा तेवढं शिकवलंय.” म्हातारीला ऑक्सिजन लावून डॉक्टरांना बोलावलं. नंतर त्या मुलीला बेडपाशी बसवलं, घड्याळ हातात दिलं आणि पूर्ण साठ सेकंद छातीकडे बघायला लावलं. एका बेडवरून दुसऱ्या बेडवर, बाराही पेशंटच्या. वॉर्ड संपेपर्यंत ती घामाघूम झाली होती. पण नंतरच्या आठवड्यात तिने आपणहून येऊन एका पेशंटचा श्वास वाढल्याचं मला सांगितलं, डॉक्टर राउंडला यायच्या आधी.

ती मुलगी हुशार होती. तिची निवड बरोबरच झाली होती. परीक्षेने आपलं काम केलं, कागदपत्रं तपासणाऱ्यांनी केलं. तिची तीन वर्षं खाल्ली ती कॉलेजने, आणि त्या कॉलेजला मान्यता देणाऱ्यांनी. चार्टवर तिने खोटं लिहिलं याची शिक्षा तिला मी केली. तिला खोटं लिहायला शिकवणाऱ्याला कोण करणार?

‘स्पर्धा फार वाढली’ असं म्हणत मान डोलावणाऱ्यांची मला चीड येते. स्पर्धा आभाळातून पडत नाही. चांगल्या सीटा मोजक्या ठेवल्या की ती तयार होते. सरकारी बीएस्सी नर्सिंग कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, बाकीचं मैदान खासगी संस्थांना मोकळं. केंद्राने २०२३-२४च्या अर्थसंकल्पात वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून देशभर १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर केली. कल्पना अगदी योग्य, कारण मोठ्या सरकारी रुग्णालयाशेजारी शिकणाऱ्या मुलीला पेशंट आणायला टेम्पो लागत नाही. तीच वाट धरून प्रत्येक जिल्हा रुग्णालयाशी पूर्ण ताकदीचं नर्सिंग कॉलेज जोडा, शिक्षकांची पदं भरा. मग बघा, एजंटचा फोन किती दिवस वाजतो.

आणि एवढी स्पर्धा करून बाहेर पडलेल्या मुलीची वाट कोण बघतंय? वॉर्ड बघतोय, पण सरकार बघत नाही. परिचर्या परिषदेच्याच निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका हवी. ज्यांनी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एक रात्र काढली आहे त्यांनी आठवून सांगावं, अख्ख्या वॉर्डाला किती सिस्टर होत्या. ऑक्टोबर २०२३मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली. त्यातली बारा नवजात बाळं होती. त्या आठवड्यात औषधांबद्दल आणि अपुऱ्या मनुष्यबळाबद्दल सगळे बोलले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली तेव्हा नर्सिंगची पदवी घेऊन घरी बसल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२मध्ये, राज्यातल्या परिचारिका बाहेरच्या कंपन्यांमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. तेव्हा त्यांना पेशंटचा जीव वेठीला धरणाऱ्या म्हणून ऐकवण्यात आलं. रिकामी पदं वर्षानुवर्षं न भरणाऱ्याने काय वेठीला धरलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

खासगीची गोष्ट आणखी वाईट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान वीस हजार द्या, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्या. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली तालुक्याच्या दवाखान्यांत त्या वीस हजारांच्या निम्म्यावर बारा-बारा तास उभ्या आहेत. शेजारी दहावी झालेल्या पोरीला पांढरा कोट घालून उभं केलेलं, तिला त्याहून कमी. मग फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारचा जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार झाला तेव्हा या मुली जर्मन शिकायला धावल्या, यात नवल नाही. त्यांनी जावं. त्यांना हक्क आहे. पण ज्या राज्याला आपल्या सात नंबरच्या बेडवरचे श्वास मोजायला माणूस नाही, त्याने दुसऱ्याला मनुष्यबळ पुरवल्याचा अभिमान मिरवू नये.

घरच्यांनाही दोन शब्द ऐकवते. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं करून रमाबाई रानड्यांनी विधवा आणि परित्यक्ता मुलींना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा समाजाने नाकं मुरडली. आज शंभरावर वर्षं लोटली तरी ‘नाइट ड्युटीवाली सून नको’ म्हणणारी घरं मला माहीत आहेत, आणि तीच घरं मुलीला सरकारी नोकरी लागेल म्हणून नर्सिंगला घालायला रांगेत उभी आहेत. मुलगी नीटमध्ये मागे राहिली म्हणून ‘चल, आता नर्स तरी हो’ असं तिच्यासमोर म्हणू नका. तिला ज्या कामात आयुष्य काढायचं आहे ते काम तुम्ही पहिल्याच दिवशी तिच्या नजरेतून उतरवता. मग ती चार्टवर वीस-वीस लिहिणार नाही तर काय करणार?

जिला यंदा सीट मिळाली नाही तिला मी एवढंच सांगते: दोनचार पर्सेंटाइलवरून तू कशी नर्स होशील ते ठरत नाही, तेव्हा घाईत कुठल्याही दारात शिरू नकोस. तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा चांगल्या सरकारी रुग्णालयात कर, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. पेशंट नसलेल्या कॉलेजातल्या चार वर्षांपेक्षा हा रस्ता कितीतरी चांगला. एक वर्ष थांबायची घरची ऐपत असेल तर थांब. आणि कॉलेज निवडण्याआधी तिथे न सांगता जा. दुपारी तीनला जा, सकाळी नको, कारण सकाळी ऑफिस सजलेलं असतं. रुग्णालयात किती बेडवर खरे पेशंट आहेत ते मोज. नातेवाईक डबा घेऊन आलेले दिसतात का, ते बघ. डब्याचं सोंग रोज आणता येत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलीला गाठून विचार, तू आत्तापर्यंत किती डिलिव्हरी केल्यास? ती खाली बघायला लागली तर तिथून निघून ये.

पण हे सगळं सतरा वर्षांच्या मुलीने एसटीचं तिकीट काढून एकटीने का शोधायचं? पुढच्या वर्षीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे चार रकाने छापा: पालक रुग्णालयात मागच्या वर्षी रोज सरासरी किती पेशंट भरती होते, पूर्ण वेळ शिक्षक किती आणि त्यांची नावं, गेल्या तीन वर्षांत विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल काय, आणि आधीच्या तपासणीत कोणत्या त्रुटी निघाल्या. यातली बहुतेक माहिती तपासणीच्या फायलींत आज पडून आहे. जमवायला वेगळा खर्च नाही, समिती नेमायची गरज नाही. मुलीच्या जातीच्या दाखल्यापासून बापाच्या उत्पन्नापर्यंत सगळं तुम्ही मागून घेता, मग कॉलेजचं हे एवढं तिला दाखवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागते, ते एकदा जाहीर सांगा.